शुक्रवारचा गल्ला, गुरुवारची सुट्टी

२० जून २०२५ रोजी, शुक्रवारी, आमिर खानचा ‘सितारे जमीन पर’ देशभर प्रदर्शित झाला. त्याच दिवशी तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पिंपरी, कासारवाडी, दापोडी करीत पुण्याकडे निघाली होती आणि माउलींची पालखी आळंदीहून दिघीमार्गे. जुना मुंबई-पुणे रस्ता वाहनांना बंद, सेवा रस्त्यांवर अन्नदानाचे मांडव, चौकाचौकात पोलीस. चित्रपटाच्या व्यापारात ज्याला ‘पहिला दिवस’ म्हणतात आणि ज्याच्यावर पुढचे सगळे भाकीत रचतात, तो दिवस पिंपरी-चिंचवडमध्ये असा उगवला. प्रदर्शनाची तारीख ठरवणाऱ्या मंडळींना ज्येष्ठ वद्य नवमीशी काही कर्तव्य असण्याचे कारण नाही. त्यांचा हिशेब सगळ्या देशाचा असतो, आणि देशाच्या हिशेबात आमचा पट्टा वेगळा दिसतच नाही.

तो का दिसत नाही, हा या लेखाचा विषय आहे. माझी नोकरीची सगळी वर्षे भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात उत्पादन-नियोजनाच्या टेबलावर गेली. कोणती पाळी कधी सुटते, कोणत्या वारी किती माणसे हजर असतात, सणाच्या आठवड्यात किती माल कमी निघेल, हा माझा रोजचा हिशेब. त्यामुळे वर्तमानपत्रात ‘तीन दिवसांत इतके कोटी’ असे वाचले, की आकड्यापेक्षा ते तीन दिवस कोणते आणि कोणाचे, हा प्रश्न मला आधी पडतो. एका चित्रपटाच्या निमित्ताने तो प्रश्न नीट मांडता येईल असे वाटले. ‘सितारे’ निवडला तो त्याच्या गल्ल्याच्या आलेखासाठी. असा आलेख अलीकडे क्वचित पाहायला मिळतो.

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. गुलशन अरोरा हा बास्केटबॉलचा दुय्यम प्रशिक्षक मुख्य प्रशिक्षकावर हात टाकतो, दारू पिऊन गाडी चालवताना पकडला जातो आणि शिक्षा म्हणून न्यायालय त्याला बौद्धिक वेगळेपण असलेल्या खेळाडूंच्या संघाला शिकवायला पाठवते. मूळ चित्रपट स्पॅनिश, हाविएर फेसेरचा, २०१८चा. २०२३मध्ये त्याची अमेरिकी आवृत्ती निघाली. हिंदीत आर. एस. प्रसन्ना यांनी दिग्दर्शन केले आणि संघातल्या दहाही भूमिका त्या वेगळेपणासह जगणाऱ्या कलाकारांनीच केल्या. त्यांत आशिष पेंडसे, सिमरन मंगेशकर ही मराठी आडनावेही आहेत. खेळाचा चित्रपट म्हटला की आपल्याकडे शेवटच्या मिनिटाचा विजय, डोळ्यांत पाणी आणि मागे राष्ट्रगीत, हे जवळजवळ ठरलेले. इथे संघ अंतिम सामना हरतो आणि तरीही जिंकल्यासारखा नाचतो. प्रशिक्षकाला ते आधी कळतच नाही. चित्रपटाचा विनोद याच जागेतून येतो: हसू खेळाडूंवर नाही, शहाण्या माणसाच्या अडाणीपणावर आहे. जमले आहे सगळे असे नाही. मधला भाग लांबला आहे आणि उपदेश काही ठिकाणी तोंडावर येतो. पण हसण्याच्या जागा खऱ्या आहेत.

आता गल्ला. आपल्याकडे तिकीटबारीची मोजदाद करणारी सरकारी यंत्रणा नाही. चित्रपटगृह दररोज रात्री खेळानुसार विकलेल्या तिकिटांचा तक्ता करते, त्याला धंद्यात डीसीआर म्हणतात. तो वितरकाकडे जातो. आपण वाचतो ते आकडे व्यापार-विश्लेषकांनी, संकेतस्थळांनी आणि निर्मात्यांनी आपापल्या परीने केलेले अंदाज असतात. एकमेकांशी दोन-चार टक्के इकडेतिकडे, पण आलेखाचा आकार बहुधा सारखाच निघतो. त्या अंदाजांनुसार ‘सितारे’ने पहिल्या शुक्रवारी भारतात साधारण पावणेअकरा कोटी रुपये निव्वळ मिळवले, शनिवारी सुमारे २० कोटी आणि रविवारी सुमारे २७ कोटी. म्हणजे दुसऱ्या दिवशी जवळजवळ दुप्पट आणि तिसऱ्या दिवशी अडीचपट.

या आकड्यांचे वजन कळायला त्याच नटाचा आधीचा चित्रपट शेजारी ठेवावा. ‘लालसिंग चढ्ढा’ ११ ऑगस्ट २०२२ रोजी लागला. पहिल्या दिवशीचा गल्ला पावणेबारा कोटींच्या आसपास, म्हणजे ‘सितारे’पेक्षा जास्तच. दुसऱ्या दिवशी तो सव्वासात कोटींवर आला आणि पुढच्या रविवारीही पहिल्या दिवसाचा आकडा त्याला परत गाठता आला नाही. एकूण कमाई ६० कोटींच्या घरात थांबली. ‘सितारे’ची भारतातली निव्वळ कमाई १६५ कोटींच्या पुढे गेली. दोघांची सुरुवात सारखी, पण एकाने पहिल्या दिवसाच्या पाचपट कमावले आणि दुसऱ्याने पंधरापट. ‘दंगल’चा हाच भागाकार केला तर उत्तर तेराच्या आसपास येते. पहिला दिवस नटाच्या नावाचा, जाहिरातीचा आणि आगाऊ आरक्षणाचा असतो. तिसरा दिवस पहिल्या दिवशी पाहून आलेल्यांचा असतो. घरी जाऊन शेजाऱ्याला ‘जाऊन या’ असे कोणी किती खात्रीने सांगितले, हे या भागाकारातून दिसते.

विनोदी चित्रपटाला हे सांगणे अधिक लागू पडते. मारधाडीचा चित्रपट एकटा माणूसही पाहतो. घाबरवणारा चित्रपट मित्रांबरोबर पाहतात. खेळाचा विनोदी चित्रपट कुटुंबाचा असतो, म्हणजे एका होकाराला तीन-चार तिकिटे खपतात. पण त्याच कारणाने ती सगळी माणसे एका वेळी मोकळी असावी लागतात. एकाला सुट्टी नसली की चारही तिकिटे जातात.

इथे कोटींचा अर्थही एकदा लावून घेऊ, कारण या शब्दावर बराच गैरसमज पोसला गेला आहे. समजा, तिकिटाची मूळ किंमत २०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ३६ रुपये. तुम्ही २३६ देता, ते ‘ग्रॉस’. कर वजा जाता उरलेले २०० म्हणजे ‘नेट’, निव्वळ. त्या दोनशेचे वाटे पडतात. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठा तंटा झाला, दोन महिने नवे हिंदी चित्रपट लागले नाहीत आणि शेवटी तडजोड झाली: पहिल्या आठवड्यात निर्माता-वितरकाला निव्वळ गल्ल्याचे ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३०. त्या हिशेबाने आपल्या दोनशेंपैकी पहिल्या आठवड्यात १०० रुपये चित्रपटाकडे जातात, दुसऱ्यात ८५, तिसऱ्यात ७५ आणि चौथ्यात ६०. मक्याच्या लाह्या आणि थंड पेय यांत चित्रपटाचा वाटा नसतो. ते सगळे चित्रपटगृहाचे. तेव्हा ‘जगभरात २६६ कोटी’ असे वाचले, की त्यात परदेशातले उत्पन्न आहे, भारतातला कर आहे आणि चित्रपटगृहांचा अर्ध्याहून अधिक वाटा आहे, हे ध्यानात ठेवावे.

या वाटणीने निर्मात्याला एक गोष्ट शिकवली. त्याचा रुपया पहिल्या आठवड्यात सर्वांत मोठा असतो आणि पुढे आक्रसत जातो. म्हणून सगळा जोर पहिल्या आठवड्यावर, त्यातही पहिल्या तीन दिवसांवर. पूर्वी चित्रपटाचे यश आठवड्यांत सांगत. दादा कोंडके यांच्या चित्रपटांची कीर्ती पंचवीस आठवड्यांच्या मापाने गायली जाई. रौप्यमहोत्सवाच्या मोजणीत सोमवार काय आणि गुरुवार काय, सगळे वार सारख्याच मोलाचे होते. आता मोजणीचे एकक शुक्रवार-शनिवार-रविवार एवढे उरले आहे. सोमवारी सकाळी चित्रपटाचा निकाल लागतो, खेळ कमी करायला सुरुवात होते आणि बुधवार-गुरुवारी पुढच्या शुक्रवारच्या खेळांची मांडामांड होते. गुरुवार हा या आठवड्याचा तळ. ‘सितारे’लाही सोमवारी-मंगळवारी साडेआठ कोटींच्या आसपास मिळाले, बुधवारी सव्वासात आणि गुरुवारी साडेसहा. मंगळवार सोमवारपेक्षा खाली आला नाही, कारण पीव्हीआर-आयनॉक्सने एप्रिल २०२५पासून मंगळवारी ९९ रुपयांपासून तिकिटे ठेवायला सुरुवात केली होती. एक वार स्वस्त केला तर माणसे त्या वारी येतात, इतके साधे गणित. गुरुवारच्या वाट्याला असे काही आलेले नाही.

आणि गुरुवार हाच आमचा रविवार आहे.

पुण्याच्या वाचकाला गुरुवार म्हटले की वीज दुरुस्तीसाठी बंद आणि नळाला पाणी नाही, एवढे आठवते. त्यामागची गोष्ट अशी, की सगळे कारखाने रविवारीच बंद राहिले तर सहा दिवस विजेची मागणी टोकाला आणि एक दिवस तळाला जाते. म्हणून औद्योगिक भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून दिल्या गेल्या आणि पुणे परिसराच्या वाट्याला गुरुवार आला. कायद्यात त्याला जागा होती. कारखाने अधिनियम, १९४८च्या ५२व्या कलमात आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हा सुट्टीचा होता. पण त्या रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत कधीतरी सुट्टी दिली, तर रविवारी काम करून घेता येत असे. बोटे मोजून पाहा: रविवारच्या आधीचा तिसरा दिवस गुरुवारच येतो. कायद्याने दोरी जितकी सैल सोडली होती, तितकी पुरेपूर ताणून आमची सुट्टी ठरली आहे.

१९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी असा पट्टा भरत गेला. नव्या शतकात तो नाशिक रस्त्याने चाकणकडे सरकला; बजाज तिथे आधीच गेली होती, मागाहून मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा. प्रत्येक मोठ्या कारखान्यामागे दहा-वीस लहान. या सगळ्यांची सुट्टी एकाच वारी नाही. चाकणला काही ठिकाणी रविवार आहे, काही ठिकाणी वार फिरत राहतो. पण भोसरी-पिंपरीच्या लहान कारखान्यांत अजूनही गुरुवारी शटर खाली असते, आणि पिंपरीच्या बाजारातल्या भाजीवाल्याला विचारले तर तो गर्दीचा वार बरोबर सांगतो.

कागदावर हे मजेशीर वाटते. घरात ते तसे राहत नाही. नवरा भोसरीत, त्याला गुरुवार. बायको हिंजवडीला एखाद्या कार्यालयात, तिला शनिवार-रविवार. मुलांची शाळा, त्यांना रविवार. अशी घरे आमच्या भागात शेकड्यांनी आहेत. या घराला एकत्र चित्रपट पाहायचा असेल तर दोनच वाटा. रविवारी नवऱ्याची पहिली पाळी असावी, ती दुपारी सुटावी, कंपनीच्या बसने तो साडेचार-पाचपर्यंत घरी यावा आणि सातचा खेळ गाठावा. किंवा गुरुवारी संध्याकाळी मुलांची शिकवणी बुडवून जावे. दुसरी पाळी असलेल्या आठवड्यात तर रविवारचा विषयच संपतो. माणूस मध्यरात्री घरी पोचतो. तिसऱ्या पाळीवाला सकाळी सुटतो आणि सकाळचा खेळ त्याला चालतो, पण अर्ध्या तासात तो खुर्चीत झोपी जातो, हे मी शेजारी बसून पाहिलेले आहे.

म्हणजे देशाच्या हिशेबातले जे तीन दिवस निर्णायक, त्या तीन दिवसांत हा प्रेक्षक पाळीवर असतो, आणि तो मोकळा होतो तेव्हा देशाच्या हिशेबात आठवड्याचा शेवट आलेला असतो. एका दृष्टीने त्याचा फायदाच आहे. त्याच्यापुढे येणारा चित्रपट सहा दिवस जुना, चाळून आलेला. खराब असेल तर बाजूच्या यंत्रावरच्या माणसाने सोमवारीच सांगून टाकलेले असते. कारखान्याच्या उपाहारगृहात चित्रपटाची जी समीक्षा होते ती दोन वाक्यांची असते, पण तिच्यावर माणसे पैसे खर्च करतात, म्हणून मी तिला मान देतो.

पहिल्या गुरुवारी, २६ जूनला, मी चिंचवडमध्ये दुपारचा खेळ पाहायला गेलो. आषाढाचा पहिला दिवस, कालिदास दिन. बाहेर पाऊस लागलेला. सभागृह भरलेले नव्हते, पण रिकामेही नव्हते. पुढच्या स्वस्त रांगांत विशीतली मुले होती, सात-आठ जणांचे घोळके, बोलण्यावरून कोणी लातूर-नांदेडकडचा, कोणी यवतमाळचा. मागे कुटुंबे, त्यांत आजी-आजोबा आणि शाळेत न जाणारी लहान मुले. शाळेच्या वयाचे मूल जवळजवळ नाही, कारण गुरुवारी दुपारी ते वर्गात. मुलांना दाखवायला म्हणून निघालेला चित्रपट मुलांशिवाय चालला होता. प्रशिक्षकाला खेळाडू हळूहळू शिकवू लागतात त्या भागात पुढच्या रांगा सर्वांत मोठ्याने हसत होत्या. वरिष्ठाला काही समजत नाही आणि खालच्यांना सगळे ठाऊक आहे, हा विनोद कारखान्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

त्या पुढच्या रांगांतल्या मुलांविषयी व्यापाराच्या नकाशात एक गमतीची गोष्ट आहे. हिंदी चित्रपटाच्या वितरणासाठी देश काही टापूंत वाटलेला आहे आणि ही वाटणी जुन्या काळाची आहे. मुंबई टापूत मुंबई, गुजरात, पश्चिम महाराष्ट्र, गोवा येतात. पुणे जिल्हा त्यातच. विदर्भ ‘सीपी-वऱ्हाड’ टापूत जातो, कारण तो एके काळी मध्य प्रांतात होता. मराठवाडा ‘निजाम’ टापूत, कारण तिथे निजामाचे राज्य होते. संस्थान १९४८ साली विलीन झाले, राज्याची पुनर्रचना झाली, संयुक्त महाराष्ट्र होऊन ६५ वर्षे लोटली. चित्रपटाच्या वितरकाला मात्र निजाम अजून राज्य करतो आहे. तेव्हा नांदेडचा मुलगा गावी चित्रपट पाहतो तेव्हा त्याचे तिकीट हैदराबादच्या खात्यात जमा होते, यवतमाळच्याचे मध्य प्रदेशाबरोबर, आणि दोघे चाकणला खोली घेऊन राहिले की मुंबईच्या. पिंपरी-चिंचवड, देशातल्या मोटारधंद्याचा एवढा मोठा पट्टा, याचे वेगळे खाते नाही. आमचा गुरुवार मुंबई आणि अहमदाबादच्या गुरुवारात मिसळून जातो, आणि तिथे तो कामाचाच वार असतो. डीसीआर प्रत्येक चित्रपटगृहाचा वेगळा निघतो, पण वरच्या बेरजेत सरासरी लागते आणि सरासरीत सुट्टी विरघळून जाते.

‘सितारे’सारख्या चित्रपटाचे यात फारसे बिघडत नाही. मोठे नाव, भरपूर पडदे, सोमवारनंतरही खेळ टिकलेले; आमचा प्रेक्षक गुरुवारी आला तरी त्याला चित्रपट सापडला. दुसऱ्या शुक्रवारी, २७ जूनला, समोर काजोलचा ‘माँ’ आणि मोटार शर्यतींवरचा हॉलिवूडचा ‘एफ१’ आला. मोटारी बनवणाऱ्या गावात मोटार शर्यतीचा चित्रपट पाहायला तरुण मुले जाणारच. माझा पुतण्या, जो रोज गिअरबॉक्सची जुळणी करतो, तो दोनदा जाऊन आला आणि गाड्या बदलण्याच्या आवाजाबद्दल तासभर बोलला. तरीही ‘सितारे’ने दुसऱ्या शनिवारी पुन्हा आपल्याच शुक्रवारच्या जवळजवळ दुप्पट उडी घेतली. शंभर कोटींचा टप्पाही त्याच दिवशी ओलांडला.

बिघडते ते मराठी चित्रपटाचे. त्याला मुळात एक किंवा दोन खेळ मिळतात, तेही सकाळी साडेदहा किंवा दुपारी तीन अशा वेळी. २०१५मध्ये राज्य सरकारने मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्सात मुख्य वेळ द्यावी असे ठरवले. वाद झाला आणि ती ‘मुख्य वेळ’ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणून घेण्यात आली. नियमात वेळेचा विचार झाला, वाराचा नाही. मराठी चित्रपट शुक्रवारी लागतो, सोमवारी त्याचा एक खेळ जातो, बुधवारी दुसरा, आणि ज्या माणसासाठी तो काढलेला असतो त्याची सुट्टी उजाडते तेव्हा तो आमच्या भागातून निघून गेलेला असतो. मग ‘मराठी प्रेक्षक येत नाही’ असे परिसंवादात म्हटले जाते. पिंपरी-चिंचवडपुरते मी इतकेच म्हणेन, की न येणाऱ्या प्रेक्षकाची हजेरी त्याच्या पाळीच्या वारी घेतली जाते. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांनी दहावीची परीक्षा देण्याची गोष्ट सांगणारा ‘आता थांबायचं नाय!’ १ मे २०२५ रोजी लागला. तो दिवस महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि गुरुवार असा तिहेरी होता. तारीख निवडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कामगार दिन असणार. गुरुवार हा योगायोग. पण असा योगायोग ठरवून घडवता येतो, हे कोणी तरी लिहून ठेवायला हरकत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. आमच्या भागातल्या पडद्यांनी मराठी चित्रपटाची आठवड्याची मोजणी गुरुवार ते बुधवार अशी धरून पाहावी. किंवा मंगळवारचे स्वस्त तिकीट इथे गुरुवारी द्यावे. सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ टक्क्यांवरून पाचवर आला आहे, तेव्हा तेवढी सवड आहे. खेळाच्या वेळा पाळीला धरून लावता येतात, याचा दाखला तर आपल्याच राज्यात आहे. २०१६मध्ये ‘सैराट’च्या गर्दीत सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला मध्यरात्रीचे आणि पहाटे तीनचे खेळ लावले गेले होते. ते लावणारा एकपडदा चित्रपटगृहाचा मालक होता. दारात उभे राहून रांग पाहायची आणि आणखी एक खेळ लावायचा, एवढा अधिकार त्याच्या हातात होता. मॉलमधल्या व्यवस्थापकाकडे तो नाही. त्याचे वेळापत्रक दुसऱ्या शहरात बनते, आणि ते बनवणाऱ्याच्या संगणकात पिंपरीचा गुरुवार इतर गुरुवारांसारखाच दिसतो. पिंपरीचे ‘विशाल’, चिंचवडचे ‘जयश्री’ यांच्या काळात गुरुवारी दुपारी बाहेर सायकलींची रांग असे, ती कोणाला तक्त्यात पाहावी लागत नव्हती. जुना काळ सोन्याचा होता असे मला म्हणायचे नाही. खुर्च्यांतले ढेकूण मला चांगले आठवतात. पण दारावरच्या माणसाला गाव ठाऊक होते.

अर्थात आता प्रेक्षकाच्या हातात फोन आहे. ‘सितारे’च्या निर्मात्यांनी चित्रपटगृहांनंतर नेहमीच्या वाहिन्यांकडे न जाता १ ऑगस्टपासून तो यूट्यूबवर शंभर रुपयांना ठेवला. त्याही वेळी वार शुक्रवारच होता, पण इथे शुक्रवारला अर्थ उरत नाही. पैसे भरून एकदा सुरू केला की ४८ तासांत पाहून संपवायचा, मग तो तुकड्यातुकड्यांनी का असेना. चाकणजवळ खराबवाडीच्या एका खोलीत पाच मुले राहतात. त्यांतला एक आमच्या पूर्वीच्या फोरमनचा भाचा, म्हणून जाणे-येणे आहे. तीन पाळ्यांत वाटली गेलेली ही मुले एकाच वेळी खोलीत क्वचित सापडतात. त्यांनी वीस-वीस रुपये काढून बुधवारी रात्री चित्रपट घेतला. पहिल्या पाळीच्या दोघांनी तेव्हाच पाहिला, दुसऱ्या पाळीचे दोघे मध्यरात्रीनंतर आले आणि मागून सुरू करून बसले, तिसऱ्या पाळीच्याने गुरुवारी सकाळी अंघोळीआधी सुरू केला आणि संध्याकाळी उठल्यावर संपवला. अंतिम सामना मात्र सगळ्यांनी पुन्हा एकदा मिळून पाहिला, जेवताना, फोन पाण्याच्या जारला टेकवून. शंभर रुपयांत पाच प्रेक्षक. कोणत्याही टापूत, कोणत्याही वारी, त्यांची नोंद नाही.